श्रीमंत जेवत नाही

पारनेर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. नंदिनीस अनेक आशीर्वाद.

मायना लिहितानाच अडलो. आधी 'चि. सौ.' लिहायचो. आता त्या जागी लोक जे लिहितात ते लिहायला माझा हात तयार नाही. म्हणून नुसतं 'चि.' लिहिलंय, गोड मानून घे.

म्हाताऱ्याला या वयात पत्राचं काय खूळ, असं म्हणशील. पण फोनवर आपलं काही जमत नाही. तू 'हॅलो नाना' म्हणतेस, मी 'बोल' म्हणतो, आणि पुढं दोन्हीकडून नाक ओढल्याचा आवाज. एसटीत जन्मभर कंडक्टरकी केली, साठ माणसांच्या कलकलाटात माझा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जायचा. सुनेशी बोलताना मात्र तो कुठं जातो कळत नाही.

काम असं आहे की श्रीमंत जेवत नाही. दिवाळीच्या आधीपासून त्याने तोंड उघडलेलं नाही. तू सांगून गेलीस तसं अलीम दर आठवड्याला त्याच्या चिकनच्या दुकानातल्या फ्रीजरमधून उंदराचं पिल्लू आणतो, मी माळकरी म्हणून तोच चिमट्याने पेटीत धरतो. श्रीमंत मान फिरवतो. वर आता श्वास घेताना बारीक शिट्टी वाजते आणि नाकाशी बुडबुडा येतो. सापाला सर्दी होते का गं?

बनुबाईने, तुझ्या सासूने, त्याला वाटीत दूध ठेवलं. म्हटलं, अगं तो आफ्रिकेतला अजगर आहे, त्याला नागपंचमी माहीत नाही. तर म्हणाली, "आफ्रिकेतला असला म्हनून काय झालं, लेकराला उपाशी ठिवायचं व्हय?" तो त्या वाटीत जाऊन बसला आणि दूध सांडलं.

त्याची काळजी मात्र घेतो. काचेची पेटी हॉलमध्ये अमृतच्या फोटोखालीच ठेवली आहे. दिवेलागणीला बनुबाई गोवरीच्या निखाऱ्यावर ऊद घालते, फोटोला ओवाळते, आणि आम्ही तिघं तिथंच बसतो. येणारे-जाणारेही त्याला बघून जातात. पोरगा जाऊन चार महिने होऊन गेले, पण त्याच्या अजगराला एकटं वाटू दिलेलं नाही.

काय करू ते कळव.

तुझा,
नाना


फॅक्टरी कॉलनी, कोपरगाव
२७ नोव्हेंबर २०२४

ती. नानांना आणि आईंना नमस्कार.

तुमचं पत्र लॅबमध्ये वाचलं. गाळप सुरू झालंय, रसाचे नमुने एकामागून एक येतात. एक नमुना बाजूला ठेवून वाचलं, मग तो परत घ्यावा लागला.

नाना, रागावू नका. श्रीमंत आजारी पडला तो त्या धुपाने. सापाला खोकून छाती मोकळी करता येत नाही. रोज संध्याकाळी ती पेटी धुरात असते. त्यात थंडी, त्यात माणसांची वर्दळ. हा लाजाळू जीव आहे. अमृत म्हणायचा, "नवऱ्या मुलीसारखा आहे, चार माणसं बघायला आली की जेवण जात नाही." माझ्याकडे बघून म्हणायचा, हे वेगळं सांगायला नको.

त्याला फोटोखालून हलवा. आईंना वाईट वाटेल हे मला कळतं. तरी हलवा. अमृतच्या खोलीत ठेवा, तिथे ऊन येतं आणि कुणी जात नाही. पेटीच्या एका बाजूला ऊब हवी, दुसरी बाजू थंड. माझ्याकडचा थर्मामीटर कुरिअरने पाठवते. दूध अजिबात नको. आणि नगरला डॉ. ओंकार आहेत, प्राण्यांचे डॉक्टर, अमृतचे मित्र, त्यांच्याकडे लगेच न्या. शिट्टी वाजते म्हणजे छाती भरली आहे, हे आपोआप बरं होत नाही.

मी यायला हवं होतं. सीझन आहे, रजा मिळत नाही.

तुमची,
नंदिनी


पारनेर
८ डिसेंबर २०२४

चि. नंदिनीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. धुराचं आलं तशी बनुबाई उठून आत गेली. संध्याकाळी निखारा पेटवला नाही. पण पेटी हलवायची म्हटल्यावर आडवी उभी राहिली. "त्याच्या फोटोपासून त्याचं जनावर तोडायचं न्हाई." मी म्हटलं, तोडत नाही, त्याच्या खोलीत नेतोय, तिथं तो जास्त आहे. मग तिनेच कनवटीची किल्ली काढून दिली.

खोली आषाढानंतर पहिल्यांदा उघडली. जास्त काही लिहीत नाही. त्याची चप्पल पलंगाखाली तशीच आहे. बनुबाईने कपाट उघडून कपडे हुंगले. पाडव्याला घेतलेला आभाळी रंगाचा फुल बाह्यांचा शर्ट काही सापडला नाही. इस्त्रीवाल्याकडे राहिला असं म्हणून तिने त्या बिचाऱ्याला चांगलंच फैलावर घेतलं. तुला काही आठवतंय का?

उबेचं अलीमने केलं. कोंबडीच्या पिल्लांना लावतात तो जाळीचा दिवा घेऊन आला. म्हणाला, "नाना, याच्याखाली हजार पिल्लं जगत्यात, ह्यो एक बी जगंल." दिवा पेटीच्या बाहेर लावलाय, आत नाही, तू लिहिशील त्याआधीच सांगतो. थर्मामीटर पोचला.

नगरला एसटीनेच गेलो. नगर म्हण की अहिल्यानगर म्हण, गाडी माळीवाड्यालाच थांबते. टोपलीवर धोतर बांधून मांडीवर घेतली होती. कंडक्टर पोरगा म्हणाला, "बाबा, टोपलीत काय?" मी म्हटलं, नातू आहे. तो हसला. मला काही हसू आलं नाही. डॉक्टरांनी सुया दिल्या, रोजच्या सुया अलीमचा पोल्ट्रीवाला भाऊ टोचून जायचा. शिट्टी आता थांबली आहे. बुडबुडाही नाही.

जेवण मात्र नाही. अमृत त्याला कसं खायला घालायचा, ते नीट सविस्तर लिही. मी कधी बघितलंच नाही. तो खोलीचं दार लावून घ्यायचा आणि मी बाहेरून ओरडायचो की माळकऱ्याच्या घरात हे काय चाललंय. आता वाटतं, दार ढकलून आत जायला हवं होतं.

नाना


कोपरगाव
१७ डिसेंबर २०२४

ती. नानांना आणि आईंना नमस्कार.

शिट्टी थांबली हे वाचून जीव भांड्यात पडला.

खायला घालायची अमृतची रीत सांगते. दिवस मावळताना खोलीतला मोठा दिवा बंद करायचा. पिल्लू गार असेल तर श्रीमंत त्याला ओळखतच नाही, म्हणून ते पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचं. अमृत चहाच्या पातेल्यात ठेवायचा. आईंना हे कधी सांगितलं नाही, आता सांगायला हरकत नाही, पातेलं मी नंतर राखेने घासायचे. मग शेपटीकडून चिमट्यात धरून, जिवंत वाटेल इतकंच हलवायचं. त्याला अंग चोरून बसायला मातीची कुंडी पालथी घालून ठेवा, कडेला दार फोडून. दाराशी पिल्लू धरलं की तो आतून बघतो. बघत राहतो. अमृत तेव्हा श्वास रोखून बसायचा. आणि बोलायचा मनातल्या मनात, ओठ हलायचे. एकदा विचारलं काय म्हणतोस, तर म्हणाला, "वदनी कवळ घेता." शपथ सांगते नाना, अजगराला.

नाव कसं पडलं माहीत आहे? आणल्या दिवशी तो वेटोळं घालून पडला तो दिवसभर हललाच नाही. अमृत म्हणाला, "काम नाही, धंदा नाही, आठवड्याला एकदा जेवण आणि तेही हातात आणून द्यायचं. हा आपल्या घरातला श्रीमंत." त्या रात्री त्याला हातावर घेतला होता. कफपासून कोपराच्या घडीपर्यंत पुरला, एवढाच होता. म्हणाला, "ज्या दिवशी हा माझ्या खांद्याला लागेल त्या दिवशी सगळ्यांना जेवण."

किती लिहिलं. पुढच्या शिफ्टचा भोंगा झाला. त्याने खाल्लं की लगेच कळवा.

नंदिनी


पारनेर
२ जानेवारी २०२५

चि. नंदिनीस आशीर्वाद.

तुझ्या पत्राचं बनुबाईने तीनदा वाचन करून घेतलं. पातेल्याचं ऐकून आधी कपाळाला हात लावला आणि मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की मला भीती वाटली. आषाढापासून हे घर हसलं नव्हतं.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. कुंडी, चिमटा, पातेलं (तेच). पण श्रीमंत काही जेवला नाही.

अलीमच्या फ्रीजरमधली पिल्लं संपत आली, आणखी पार्सल मागव. एकदा वितळवलेलं परत ठेवता येत नाही ना, टाकून द्यावं लागतं, म्हणून लवकर संपतात.

दुसरं काही अमृत करायचा का? आठवून बघ. काहीही असलं तरी लिही.

नाना


कोपरगाव
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

ती. नानांना आणि आईंना नमस्कार. सोबत तिळगूळ आहे, पोचेपर्यंत चुरा होईल, चमच्याने खा.

पार्सल मागवलंय. एक आठवलं. त्याने तोंड फिरवलं की अमृत चिडायचा नाही. चिमटा ठेवून द्यायचा आणि पेटीकडे पाठ करून भिंतीला टेकून बसायचा, काहीतरी वाचत. म्हणायचा, जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये. तुम्ही पण पाठ करून बसत जा.

माझ्याशी भांडण झालं की तेच करायचा. पाठ करून बसायचा आणि मी आपोआप बोलायला लागायचे. मागच्या संक्रांतीला मी काळी साडी घेतली म्हणून आपण सगळे हसलो होतो, आठवतं? तुम्ही म्हणाला होतात, पारनेरच्या स्टँडवर डांबर टाकताना राहिलं ते हिने नेसलं. अमृत दोन दिवस मला 'रोड' म्हणायचा.

इथे कॉलनीत सगळ्या बायका हळदीकुंकवाला गेल्या. मी शिफ्ट मागून घेतली. कुणी बोलावलं नाही असं नाही, पण बोलावताना त्यांची जीभ अडते, आणि अडलेली बघवत नाही.

श्रीमंतचं वजन करता आलं तर करा. अलीमभाईंचा काटा चालेल.

नंदिनी


पारनेर
२८ जानेवारी २०२५

चि. नंदिनीस आशीर्वाद.

तिळगूळ पोचला. चुरा गोडच होता.

हळदीकुंकवाचं वाचून बनुबाई म्हणाली, "आमच्याकडं आली असती तर म्या पहिलं तिला लावलं असतं, बघू कोन काय म्हनतंय." हे जसंच्या तसं लिहायला सांगितलंय.

श्रीमंत जेवत नाही. पाठ करून बसतो, तरी नाही. वजन करायचं राहून गेलं, अलीमच्या काट्यावर गिऱ्हाईकं असतात, तिथं अजगर ठेवला तर त्याचा धंदा बसेल.

तुझं डांबराचं वाचलं आणि तो दिवस समोर आला. तो 'रोड' म्हणायचा हे मला माहीत नव्हतं. आम्हाला तरी काय माहीत होतं म्हणा. मुलगा आपल्याच घरात असतो आणि त्याचं निम्मं आयुष्य दाराआड जातं. तुला जे माहीत आहे ते लिहीत जा. म्हणजे श्रीमंतच्या उपचारासाठी.

नाना


कोपरगाव
१० फेब्रुवारी २०२५

ती. नाना,

आता मला राहवत नाही. एवढं पिल्लू इतके दिवस उपाशी राहिलं तर वाचत नाही. मोठा अजगर राहतो, पिल्लू नाही. मी रोज लॅबमध्ये बसून त्याची हाडं मोजते. चूक तुमची नाही. तुम्ही जिवापाड केलंत. चूक माझी आहे, मी त्याला तुमच्या गळ्यात टाकून निघून आले.

खरं सांगते. रजा मिळत नाही असं नाही. मला त्या घराच्या पायरीवर पाय ठेवायची हिंमत होत नाही. दोनदा नगरपर्यंत आले आणि माळीवाड्यावरून परत फिरले.

पण अमृतने हाताने वाढवलेली ही एकच जिवंत गोष्ट उरली आहे. ती माझ्या भित्रेपणापायी मरू द्यायची नाही. मी डॉ. ओंकारांशी बोलले आहे. ते मार्चच्या पहिल्या रविवारी गाडी घेऊन येतील आणि श्रीमंतला कायमचा आपल्याकडे नेतील. त्यांच्याकडे सोय आहे, माहिती आहे. कागदपत्रं त्यांच्या नावावर करून देऊ.

आईंना तुम्हीच सांगा. मला जमणार नाही.

नंदिनी


पारनेर
१७ फेब्रुवारी २०२५

चि. नंदिनीस,

डॉक्टरांना येऊ नका म्हणून सांग.

सोबत कात पाठवत आहे. श्रीमंतने परवा टाकली, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसंध निघाली. वहीच्या पुठ्ठ्यात गुंडाळून दिली आहे, जपून उलगड. मोजून बघ.

जास्त लिहवत नाही.

नाना


कोपरगाव
२६ फेब्रुवारी २०२५

ती. नाना,

कात उलगडली. कुठे फाटलेली नाही, डोळ्यांवरचे पापुद्रेसुद्धा आले आहेत. आजारी, उपाशी सापाची कात तुकड्यातुकड्याने निघते. ही नवीन साडीची घडी मोडावी तशी उलगडत गेली.

मोजायला पट्टी घेतली नाही. आभाळी रंगाचा शर्ट काढला. आईंना सांगा, इस्त्रीवाल्याची माफी मागा. तो शर्ट माझ्याकडे आहे. निघताना पिशवीत तळाशी घातला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण 'पाठवून दे' म्हणाला असतात तर मला नाही म्हणता आलं नसतं.

पलंगावर शर्टाची बाही सरळ केली आणि कात तिच्यावर ठेवली. कफपासून सुरू केली. कोपर गेलं. मी निघाले तेव्हा तो कोपराच्या जेमतेम पुढे होता. कात मूळ अंगापेक्षा ताणली जाते हे मला कळतं, तेवढी सूट दिली. तरी ती खांद्याच्या शिवणीला लागली.

नाना, न खाता कुणी वाढत नाही.

खूप राग आला. दिवसभर आला. मी इथे झोपत नव्हते आणि तुमचा श्रीमंत तिथे पार्सलंच्या पार्सलं फस्त करत होता! 'वितळवलेलं परत ठेवता येत नाही' म्हणे. कंडक्टरने असं खोटं तिकीट फाडायचं असतं का?

मग तुमची सगळी पत्रं काढून परत वाचली. प्रत्येकात 'आणखी लिही'. आणि माझी उत्तरं आठवली. दोन ओळी श्रीमंतच्या आणि दोन पानं अमृतची. खरं तर मलाही ते बरं वाटत होतं. इथे त्याचं नाव काढलं की लोक चहा मागवतात, विषय बदलतात. श्रीमंत आजारी होता म्हणून मला अमृतबद्दल बोलायला जागा मिळाली. तो बरा झाला असता तर मी तरी काय निमित्ताने लिहिलं असतं?

डॉक्टरांना नको म्हणून सांगितलं. श्रीमंत तिथेच राहील. कागद तुमच्या नावावर करू.

पुढच्या महिन्यात गाळप बंद होतंय. पाडव्याला येते. माळीवाड्यावरून परत फिरणार नाही.

रोड


पारनेर
१० मार्च २०२५

चि. नंदिनीस अनेक अनेक आशीर्वाद.

पकडला गेलो. जन्मभर विनातिकीट माणसं मी उतरवली, म्हातारपणी सुनेने मला उतरवलं. आता खरं ते ऐक.

तुझं पातेल्याचं पत्र आलं त्या आठवड्यात अलीम पुतणीच्या लग्नाला गेला होता. श्रीमंतचा जेवणाचा दिवस. मी गळ्यातल्या माळेला हात लावला, म्हटलं पांडुरंगा, लेकराला जेवू घालण्यात विटाळ असेल तर तो माझ्या खाती लाव. आणि चिमटा हातात घेतला. दिवा मालवला. कुंडीच्या दाराशी पिल्लू धरलं आणि ओठातल्या ओठात 'वदनी कवळ घेता' म्हणायला लागलो. पूर्ण व्हायच्या आत चिमटा हिसकल्यासारखा झाला. तो जेवत होता आणि मी पोराच्या पलंगावर बसून रडत होतो. पोरगा जिथं बसत असेल तिथंच. तो खोलीत काय करायचा ते मला त्या दिवशी कळलं.

त्याच संध्याकाळी तुला आनंदाचं पत्र लिहायला बसलो. 'श्रीमंत जेवला' एवढं लिहिलं आणि हात थांबला. वाटलं, आता तू लिहिशील 'बरं झालं नाना, काळजी घ्या', आणि संपलं. तुझ्या पत्रातून माझा मुलगा थोडा थोडा घरी येत होता. चहाच्या पातेल्यातून, तुझ्या काळ्या साडीतून. ते पत्र फाडलं आणि दुसरं लिहिलं. तू तिकडे जागी राहात असशील हे मला सुचलंच नाही, असं म्हणणार नाही. सुचलं होतं. तरी लिहिलं. एवढी ओढ होती गं.

बनुबाईला हे सगळं माहीत होतं. दर पत्राला म्हणायची, "पोरीला फसवताय, फेडावं लागंल," आणि लगेच, "पन तेवढं त्याचं आनखी इचारा." शर्टाचं वाचून दाखवलं तेव्हा पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "शर्ट तिच्याकडंच ऱ्हाऊ द्या. ती तरी घरी यिऊ द्या." इस्त्रीवाल्याला पाडव्याची पुरणपोळी देणार आहे.

आता गाडीचं सांगतो. कोपरगावहून सकाळची पहिली धर, राहुरीला गर्दी होते म्हणून आधीच खिडकी पकड. माळीवाड्याला मी स्वतः उभा असेन. तिथं तुझे पाय मागं वळतात ना, म्हणून. तिथून पारनेर गाडीत आपण दोघं शेजारी बसू. बोलता नाही आलं तर खिडकीतून बघू.

अमृतने जेवण कबूल केलं होतं, श्रीमंत खांद्याला लागला की. ते पाडव्याला आहे. त्याची स्वतःची पाळी आदल्या दिवशी येते, तो आपला जेवून कुंडीत पडलेला असेल. आम्ही दोघं मात्र तू आल्याशिवाय ताटावर बसणार नाही.

तुझा,
नाना